टाकी खाली आहे

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
॥ नर्मदे हर ॥

मी, श्रीमती लतिका उमाशंकर रहाळकर, वय वर्षे ६६, शिक्षण मॅट्रिक (धार, मराठी माध्यम), धंदा घरकाम, राहणार देवास, हा कागद माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. आज पहाटे विष्णुसहस्रनाम एकदाही न अडखळता म्हटले आणि महिन्याचे दूध वहीत बरोबर जुळले, तेव्हा बुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. कोणी दटावलेले नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. येत्या गुरुवारी इंदूरला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. त्यातून उठले तर ठीकच. न उठले तर माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे, आणि एका माणसावर आलेला आळ कसा काढायचा, हे यात लिहिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वाचणाऱ्यास सूचना. माझा एकुलता मुलगा नीलेश हिंदी शाळेत शिकला, मराठी अक्षर त्याला जड जाते. नात सृष्टी तर सही तेवढी मराठीत करते. म्हणून हा कागद कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा. यात ‘खाली’ हा शब्द येईल तिथे तो मराठीच घ्यावा, म्हणजे ‘वर’च्या उलट. ज्यात काही भरलेले नाही, त्याला मी ‘रिकामे’ लिहिले आहे. हा खुलासा म्हातारपणाचा चळ वाटेल. कलम पाच ऐकल्यावर वाटणार नाही.

१. देवासचे राहते घर, अंगणासह, नीलेशला. अंगणातले पारिजातकाचे झाड गाडी उभी करायला जागा हवी म्हणून तोडू नये. गाडी रस्त्यावर उभी राहते, पारिजातक राहत नाही.

२. माझ्या पाटल्या, मोहनमाळ आणि सासूबाईंची नथ सृष्टीला, लग्न करो अथवा न करो. देवघरातला बाळकृष्ण सूनबाई रुचाला. तिला सोवळे जमत नाही हे मी चारचौघांत बोलले आहे, ते मागे घेते. देवाला न्हाऊ घालताना पाणी कोमट आहे का हे ती आधी बोटाने बघते. मी कधी बघितले नाही.

३. शिवणयंत्र शेजारच्या इरावतीबाईंना. पुरणयंत्र त्यांच्याकडेच आहे, २००२ च्या होळीपासून. तेही त्यांनी आता ठेवून घ्यावे, म्हणजे दर सणाला मला बघून त्यांना आत जावे लागणार नाही. तेराव्याला पंचपक्वान्ने नकोत. वरणभात, भाजी, खीर पुरे.

४. बोट. हिची हकीकत लांब आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढचे कलम समजणार नाही.

खातेगांवच्या पुढे नेमावरला, नर्मदेच्या काठी, ओंडक्यांवर चढवून ठेवलेली बावीस फुटी लोखंडी बोट, केबिन आणि इंजिनासकट, माझ्या नावावर आहे. माझे यजमान कै. उमाशंकर देवासच्या एका कारखान्यात फोरमन होते. १९९३ साली त्यांनी वाळूच्या ठेकेदाराकडून गंजका सांगाडा घेतला. मी विचारले, “आणि स्कूटर दुरुस्त करायची राहिली ती?” म्हणाले, “स्कूटरवर झोपता येतं का?”

माझे धाकटे दीर दत्ताजी खातेगांवला शिक्षक होते. आम्ही शनिवारी बसने त्यांच्याकडे जायचे आणि रविवार नदीवर काढायचा. दोघा भावांनी मिळून बोट उभी केली. शेताच्या पंपाचे डिझेल इंजिन बसवले. भंगारातल्या बसच्या सरकत्या काचा खिडक्यांना लावल्या. जुन्या अँबेसेडरच्या सीटा काढून दोन पलंग केले. माझ्या इरकली लुगड्याचे पडदे झाले. स्टोव्ह चार साखळ्यांनी टांगायची युक्ती माझी. बोट कशीही हलली तरी दूध सांडत नसे. यजमान ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवीत आणि म्हणत, “हे हेड ऑफिसचं डिझाइन.”

पलीकडच्या काठाला हंडियाचे डॉक्टर आणि हरद्याचे एक कंत्राटदार, यांच्याही अशाच छोट्या केबिनच्या बोटी होत्या. दुपारी वाळूच्या बेटाला तिन्ही बोटी शेजारी शेजारी बांधत. पुरुष एकमेकांच्या बोटीत शिरून फळ्या उचलून बघत, इंजिनाला कान लावत, आणि आपल्या बोटीत पुढच्या वेळी काय करायचे ते ठरवून उठत. आम्ही बायका डबे उघडत असू. त्या रविवारांइतके सुख मला पुढे मिळाले नाही, हेही कागदावर असावे.

आमची केबिन साडेचार फूट उंच होती. डॉक्टरीणबाई एकदा आत डोकावून म्हणाल्या, “अय्या, तुम्हाला वाकावं लागतं का? आमच्याकडे ताठ उभं राहता येतं हो.” त्या दिवसापासून मी यजमानांचा पिच्छा पुरवला. केबिनमध्ये नर्मदामाईची तसबीर होती. म्हटले, “देवीपुढे ओणवं उभं राहून आरती म्हणायची? तिला वाटेल बाईचं काही पडलंय, शोधतेय.”

“मग बसून म्हण.”

“आरती बसून म्हणतात का?”

१९९७ च्या हिवाळ्यात त्यांनी छप्पर दीड फूट उंच केले. वर दीडशे लिटरची टाकी बसवली, कारण मला स्वयंपाकाला नळ हवा होता. बोट चालवायला फत्तेसिंग केवट होता, नेमावरचाच, बापजाद्यांपासून नदीवर. त्याने बघितले आणि म्हणाला, “बाबूजी, ये नाव है के दो मंजिल को मकान? अगली बार जीना भी लगवा लो.” सगळे हसले. मीही हसले आणि ताठ उभी राहून आरती म्हटली.

नंतर बोट डुलू लागली. वळताना एका अंगाला कलायची आणि सरळ व्हायला वेळ घ्यायची. यजमानांना ते खटकत होते. १९९९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी केबिनच्या फळीखाली नवी टाकी बसवली, हातपंपासकट. छपरावरच्या टाकीचे बोल्ट गंजले होते. ती पुढच्या खेपेला कापून काढू, तोवर रिकामी ठेवायची, असे ठरले. त्या वेळी फत्तेसिंग दोन महिने धारकडच्या मनावर गावी होता, मुलीच्या लग्नासाठी. त्याला या बदलाची काही माहिती नव्हती.

५. रविवार, २३ मे १९९९. अधिक महिना होता. दीपदानासाठी मी सकाळी घाटावर वाती वळत बसले होते. फत्तेसिंग आदल्या संध्याकाळी परतला होता. तो हातात नळी घेऊन आला आणि त्याने विचारले, “माई, टंकी?”

मी मान वर न करता म्हटले, “टाकी खाली आहे.”

मला म्हणायचे होते, टाकी आता खाली असते, फळीखाली. त्याने ऐकले, टंकी खाली है, म्हणजे रिकामी. तो “जी माई” म्हणाला आणि जाऊन त्याने छपरावरची टाकी काठोकाठ भरली. पत्र्यावर पाणी पडल्याचा आवाज मी ऐकला. वाटले, छप्पर धूत असेल. मी वाती मोजत राहिले.

दुपारी यजमान, दत्ताजी भावोजी आणि फत्तेसिंग असे तिघे गेले. दीपदान संध्याकाळी होते म्हणून मी घाटावरच थांबले. चारच्या सुमाराला हरद्याच्या बाजूने आंधी आली. बोट वाऱ्याला आडवी झाली, कलली, आणि या वेळी सरळ झाली नाही. यजमान आणि फत्तेसिंग बाहेर होते, ते पाण्यात फेकले गेले. फत्तेसिंगने यजमानांना ओढून वाळूवर आणले. भावोजी केबिनमध्ये झोपले होते. फत्तेसिंगने सात बुड्या मारल्या. सातव्या वेळी त्यांना घेऊन वर आला. त्यांच्यात प्राण नव्हता.

६. त्यानंतर मी काय केले ते.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला सगळ्यांनी एकच विचारले, वरची टाकी भरली कोणी? फत्तेसिंग हात जोडून म्हणाला, “साब, माई ने बोली थी टंकी खाली है, तो म्हने भर दी.” त्याच क्षणी मला समजले. साहेब माझ्याकडे वळले. “माताजी, आपने टंकी भरने को कहा था?”

मी म्हटले, “नहीं.”

शब्दाला शब्द खरे होते. भरायला मी सांगितले नव्हते. तेवढे बोलून मी पदर तोंडाला लावला आणि बाईमाणूस म्हणून मला पुढे कोणी काही विचारले नाही. फत्तेसिंग माझ्याकडे बघत राहिला. त्याला अजून वाटत होते की मी काहीतरी बोलेन.

भावोजींची पत्नी, माझी धाकटी जाऊ विद्युल्लता, भर घाटावर त्याला म्हणाली, “माझं कुंकू पुसून वर वहिनींचं नाव घेतोस? तोंड दाखवू नकोस पुन्हा.” मी तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. घाटावरच्या लोकांनी त्याला नाव चालवू दिली नाही. ज्याच्या हातून मास्तर बुडाले, त्याच्या नावेत कोण बसणार? तो खातेगांवच्या मंडीत सोयाबीनची पोती वाहू लागला. गेल्या वर्षी मी त्याला लांबून बघितले. पाठीत वाकला आहे. त्याने मला बघितले नाही, किंवा बघून न बघितल्यासारखे केले.

यजमानांनी बोट वर काढली, करवत घेतली आणि छप्पर दीड फूट कापून पहिल्याइतके केले. टाकी भंगारात दिली. पुढे पाच वर्षे ते दर महिन्याला नेमावरला जाऊन बोटीला रंग लावत, तेल घालत, पण ती पाण्यात कधी उतरवली नाही. म्हणत, “उंची मी वाढवली. फत्त्याची चूक कसली? माझ्या भावाला मी मारलं.” मी ऐकून त्यांच्यापुढे चहा ठेवत असे. २००५ च्या श्रावणात तेच डोक्यात घेऊन ते गेले. शेवटच्या आठवड्यात दोनदा तोंडाशी आले होते. पण वाटले, आता सांगितले तर विचारतील, सहा वर्षे गप्प का होतीस, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. विद्युल्लतेची भीती वाटली, हे एक. छप्पर माझ्या हट्टाने उंच झाले होते, त्यात हेही माझ्याच नावावर आले असते, हे दुसरे. ही कारणे आहेत, उत्तर नव्हे.

७. म्हणून मी लिहून देते की छपरावरची टाकी भरण्यात फत्तेसिंग केवट याचा काडीचा दोष नाही. त्याने विचारले, मी माझ्या मराठीत सांगितले, त्याने त्याच्या बोलीत ऐकले. चूक एवढीच असती तर ती दोघांची झाली असती. दुसऱ्या दिवशी मी गप्प राहिले, ती माझी एकटीची. हेच हिंदीत वेगळ्या कागदावर लिहून, सही करून सोबत जोडले आहे. नीलेशने ते नेमावरला घाटावरच्या मंडळींसमोर मोठ्याने वाचावे. माझ्या अब्रूचा विचार करून त्यातला शब्द गाळू नये.

बोट, इंजिन आणि यजमानांची हत्यारांची पेटी फत्तेसिंगला. हा मोबदला समजू नये. याला मोबदला होत नाही. त्याने नाव चालवावी अशी माझी इच्छा आहे, पण त्याला ती बघवत नसेल तर तो ती तोडेल, विकेल किंवा नदीत सोडेल. नीलेशने हरकत घेऊ नये.

८. माझ्या अस्थी नेमावरला घाटावरूनच सोडाव्या. त्यासाठी कुणालाही नाव काढायला लावू नये.

९. साक्षीदारांबद्दल. वकील म्हणाले, साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते, माझी सही होताना बघितली की पुरे. पहिल्या साक्षीदार इरावतीबाई तशा सही करतील. दुसरी जागा विद्युल्लतेची आहे. ती आज खातेगांवहून ऑपरेशनसाठी माझ्या सोबतीला आली आहे. येताना तिळाची चटणी आणि माझ्यासाठी लोकरीचे मोजे घेऊन आली. तिने सगळे वाचूनच सही करावी, ही माझी अट आहे. तिला या मृत्युपत्राने मी काही देत नाही. जे द्यायला हवे होते ते आठ वर्षांपूर्वीच द्यायला हवे होते. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. फत्तेसिंग माझ्यापेक्षा मोठा आहे, आणि तो आधी गेला तर हे सगळे मी कोणासाठी लिहिले? म्हणून निदान तिने माझ्या डोळ्यांदेखत वाचावे. नंतर तिने सही केली नाही, किंवा मोजे परत घेऊन रात्रीच्या बसने निघून गेली, तर ती जागा कोरी ठेवून मी उद्या दुसरा साक्षीदार बघेन.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, खाडाखोड नाही. पाने चार, प्रत्येक पानावर सही.

स्थळ : देवास
दिनांक : १६ नोव्हेंबर २००७, शुक्रवार

लतिका उमाशंकर रहाळकर

साक्षीदार

१) इरावती केशव मुजुमदार, निवृत्त शिक्षिका, देवास. सही माझ्यासमोर झाली.

२) विद्युल्लता दत्ताजी रहाळकर, खातेगांव. चारही पाने वाचली. दोनदा वाचली. सही करते, याचा अर्थ माफ केले असा कोणी घेऊ नये. वहिनी, फत्तेसिंगला ‘तोंड दाखवू नकोस’ हे मी म्हटले आहे, ते नीलेश कसे परत घेणार? ऑपरेशन गुरुवारी आहे. सोमवारी सकाळच्या बसने आपण दोघी मंडीत जाऊ. आधी तुम्ही बोला.