दारात जाऊन सांगायचं

माय, मी काय काम करते ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तू गेलीस तेव्हा मी अजून शिकत होते. आता यवतमाळला एका संस्थेत आहे. गावोगावच्या गायन पार्ट्या, दंडारीची नाच-नाटकं करणारे, बायांची गाण्याची मंडळं यांचे कार्यक्रम लोकांपर्यंत पोचवायचे, हे माझं काम. पोस्टर करते, पेपरला बातमी देते, मोबाईलवर व्हिडिओ टाकते. "म्हंजे सांगत फिरते, नाही का?" असं म्हणून तू हसली असतीस. हो बाई, तेच. फक्त मी फिरत नाही, खुर्चीत बसून सांगते. आणि तिथेच यंदा शेण खाल्लं.

तुझं मंडळ बाभुळगावच्या आपल्या स्वयंपाकघरात जमायचं. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, बाया भिंतीला टेकून गातायत, कुणीतरी परात वाजवतंय. चाल चुकली की तुझा पिठाचा हात वर जातो आणि सगळ्या गप्प. विहारात कार्यक्रम असला की दोन दिवस आधी तू मला घेऊन घरोघरी सांगायला निघायचीस. मला भारी कंटाळा यायचा. एकदा समोरून येणाऱ्या काकूंना मी रस्त्यातच सांगून टाकलं, तेवढंच एक घर कमी. केवढी चिडलीस! "रस्त्यात सांगतलेलं सांगनं नसते वं. मांगं फिर, त्यायच्या दारात जाऊन सांग." मी पाय आपटत परत गेले.

मंडळ आता तुझी मैत्रीण चालवते, तुझ्यामागे झील धरायची ती मावशी. हात कापतात तिचे, पण पेटी सोडत नाही. मागच्या दोन कार्यक्रमांना सतरंजी रिकामीच राहिली म्हणून या वेळी तिने मला बजावलं, "या बारीले लोकं नाही आले तं बंद करू, बाई. भिताडाले कितीक गानं आयकवाचं?" तुझं मंडळ माझ्या हातून बंद पडणार, या विचाराने माझी झोप उडाली. मी जीव ओतून पोस्टर केलं, मावशीचा व्हिडिओ टाकला. तालुकाभर फिरला तो. मी खूश.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी गावात पोचले. नळावर एक बाई भेटली. व्हिडिओ तिने पाहिला होता, आवडलाही होता. मी म्हटलं, "मग येता ना संध्याकाळी?" तिने पाण्याने भरलेली गुंडी कमरेवर घेतली. "आमाले कोनी सांगतलं कुठी? बिनबोलावन्याचं कायले जाव?"

घ्या! एवढं शिकून, एवढी वर्षं हेच काम करून, मी सगळ्या जगाला कळवलं होतं आणि सांगितलं कुणालाच नव्हतं.

मग निघाले. त्या बाईपासूनच सुरुवात केली, तिच्या मागोमाग तिच्या दारात जाऊन. दुपारपर्यंत आपली अख्खी वस्ती पालथी घातली. एक म्हातारी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. "त्या गान्यावाल्या बाईची लहानी ना तू? मंग येतो. तुह्या मायनं सांगतलं असंच धरतो." मला तिथेच रडू फुटलं. तिने पाणी दिलं, गूळ दिला आणि वर म्हणाली, "रडून कायले राह्यली, येतो म्हनलं ना!"

संध्याकाळी सतरंज्या पुरल्या नाहीत. मावशीचा आवाज दोनदा फाटला, तरी बाया हलल्या नाहीत. उठता उठता तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मंगळवारी तालीम आहे. मंडळ वाचलं, माय.

पण एक घर मी सोडलं. कोपऱ्यावरचं, माझ्या वर्गमैत्रिणीचं. सातवीत होते मी. तू तिच्या आईला बोलावणं करत होतीस, पायांत झिजलेली चप्पल, घसा बसलेला. मैत्रिणीने हळूच विचारलं, "ही तुही आई हाय का?" मी म्हटलं, "नाही, शेजारची हाय." तू दोन पावलांवर होतीस. बोलणं पूर्ण केलंस, "या बरं मंग," म्हणालीस आणि पुढच्या दाराकडे चालू लागलीस. त्या दिवशी उरलेल्या घरी तू मला बाहेरच थांबायला सांगितलंस. ऐकलं होतंस का गं? मी कधी विचारलं नाही.

परवा वस्तीत सांगत फिरताना त्या फाटकापर्यंत गेले होते. मैत्रीण अंगणात तूर पाखडत होती. मी परत फिरले. संध्याकाळी सगळी वस्ती आली, त्या घरातलं कुणी आलं नाही. कसं येणार? आणि खरं सांगू, तू आज समोर असतीस, तरी हा कागद तुझ्या हातात द्यायची माझी हिंमत झाली नसती.