म्पोंडेच्या खाटगाडीची वाटणी

मी, लोफिना कामवेंडो, वय एकाहत्तर, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार म्पोंडे, मलावी सरोवराचा काठ, माझ्यामागे कोणी भांडू नये म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे कामातून गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तसे करू शकणारा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे, आणि जन्मलाच तर त्याच्या आईलाही दवाखान्यात आम्हीच नेलेले असेल.

कलम १. माझे दोन खोल्यांचे विटांचे घर आणि दारातला आंबा माझी भाची फालेसी हिला मिळावा. अट एकच. मागची खोली दिवस भरलेल्या, लांबून आलेल्या बायकांसाठी उघडी राहील. माझा भाऊ विल्सन याचा मामा म्हणून सल्ला चालेल, कुलूप चालणार नाही. "फुकटची हमाली करून तुला काय मिळतं गं?" असे तो मला वर्षानुवर्षे विचारत आला. उत्तर कलम ४ मध्ये आहे.

कलम २. खाटगाडी आमच्या अकरा बायकांच्या सेवा मंडळाची राहील. १९९६ साली माझी धाकटी बहीण एनेलेस हिला कळा सुरू झाल्या. चौघांनी तिला लोखंडी खाटेवर घालून खांद्यावर उचलले. दवाखाना चौदा किलोमीटर. अर्ध्या वाटेत फालेसी जन्मली आणि एनेलेस गेली. ती खाट परत आली तेव्हा मी ती कोणाला घरात नेऊ दिली नाही. वेल्डरकडे टाकली, दोन चाके लावून घेतली आणि सायकलीच्या मागे जोडली. मला सायकल येत नव्हती. मासळी वाळवायच्या मांडवांमध्ये शिकले आणि पहिल्याच दिवशी एक मांडव माशांसकट पाडला.

गावचे मुखिया काड्झोम्बे पोट धरून हसले. "अगं लोफिना, आधी तुलाच उचलायला चार माणसं लागतील!"

"लागू देत. त्यांत तुम्ही नसलात म्हणजे झालं."

कलम ३. आता जुना हिशेब. तीन वर्षांनी भर दुपारी याच मुखियांच्या सुनेला कळा आल्या. दवाखान्याच्या वाटेवरच्या ओढ्याला कमरेएवढे पाणी होते. मुखिया म्हणाले, "पाणी उतरू दे, मग जाऊ."

मी म्हटले, "आपण थांबू, बाळ थांबणार नाही. चपला काढा, खाट धरा!"

त्यांनी धरली. पोरीला खाटेसकट डोक्यावर तोलून आम्ही सहा जणांनी ओढा पार केला, मग सायकल आणून गाडी जोडली. संध्याकाळी जुळे झाले, आई सुखरूप. ओल्या विजारीनिशी मुखियांनी सगळ्यांसमोर माझ्यापुढे टोपी काढली आणि पुढच्याच महिन्यात ओढ्यावर लाकडी पूल बांधवला. पण तेव्हापासून पाहुण्यांना सांगतात की गाडीची कल्पना त्यांची!

हे कलम लिहिताना ते समोरच बसले होते. "मेल्यावरही सोडणार नाहीस का गं?" म्हणाले.

"नाही."

मग आवाज उतरवून म्हणाले, "लिही. कल्पना तुझीच होती. मी फक्त भिजलो."

लिहिले. राग संपला.

कलम ४. विल्सनला उत्तर. सत्तावीस वर्षांत म्पोंडेची एकही बाळंतीण वाटेत गेली नाही. एकही नाही. हे मला मिळाले.

कलम ५. मला पुरायला नेताना खाटगाडी वापरू नये. हातांवर न्यावे, माझे वजन आता फार नाही. गाडी त्या दिवशीही चाकांत हवा भरून, रस्त्याकडे तोंड करून उभी असावी. प्रार्थनेच्या मध्येच बोलावणे आले तर प्रार्थना सोडून निघावे. मला घाई नसेल.

स्वतः वाचून, समजून सही केली : लोफिना कामवेंडो

साक्षीदार :
१. काड्झोम्बे, मुखिया, म्पोंडे
२. मेलिफा न्खोमा, सेवा मंडळाची प्रमुख

स्थळ : म्पोंडे, आंब्याखाली
दिनांक : १४ ऑगस्ट २०२३