मन्नतीचे रोजे

सोमवार, ३ नोव्हेंबर

जुळलं! माझी किडनी भाईला जुळते! सोलापूरच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. पिठाच्या हातानंच उचलला. अम्मी आधी हसली, मग खाली बसून रडली. तिला स्वतःची द्यायची होती, पण साखरेमुळे डॉक्टरांनी नाही म्हटलं. आता मीच! जावेदभाईला दुसरं कोण आहे?

अम्मीचं मध्येच सुरू – लग्नाच्या पोरीच्या पोटावर टाके, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, टाके दिसतील तसा जिवंत भाईपण दिसेल ना?

भाई गॅरेजवर होता. डायलिसिस करून आला की त्याला उभं राहवत नाही, पण चौसाळ्यात हायवेला ट्रक बंद पडला की हा पाना घेऊन हजर. सांगितलं तर नुसतं 'बरं' म्हणाला आणि बोनेटखाली डोकं घातलं. दगड आहे नुसता!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मन्नत मानली. शेवटची तपासणी पास होईपर्यंत रोज रोजा!

शनिवार, ८ नोव्हेंबर

रमजान नाही, काही नाही, तरी अम्मी पहाटे उठून सहेरीला गरम भाकरी करून देते. सगळ्या गल्लीला कौतुक. शेजारच्या अंजनाकाकूंनी भाईसाठी गुरुवार धरलाय. आता कोणाला साकडं घालायचं राहिलंय?

दुपारी घसा कोरडा पडतो. रोजा सोडल्यावरही मी घोटभरच पिते. भाईला पाणी मोजून मिळतं, मग मी एकटीनं गटागटा का प्यावं?

फक्त जुम्म्याला मशिदीत दिसणारा भाई आता पाचही वेळा नमाज पढतो, खुर्चीवर बसून. आज दुवेला हात उचलले ते खाली घेईचना. बघून मला खूप बरं वाटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

नापास! किडनीच्या तपासणीत माझं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, पाणी किती पिता? मी मोठ्या ऐटीत रोज्यांचं सांगितलं. भावासारखं मोजून पिते, हेही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "जी किडनी त्याला द्यायची, तिलाच तहानेनं मारताय?"

भरपूर पाणी पिऊन आठवड्यानं परत तपासणी. तेव्हाही असंच आलं तर माझं नाव कट. मग भाईचं काय?

बसमध्ये अम्मी आणि मी एकमेकींकडे बघतसुद्धा नव्हतो. दोघींनी मिळूनच शहाणपणा केला होता ना! घरी भाई मात्र किती दिवसांनी पोटभर जेवला. वर मलाच समजावतो, जाऊ दे, तुला कशाला चिरायचं, डायलिसिस हाय की. असा राग आला त्याचा!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी अम्मीनं तांब्या समोर ठेवला. मी हात लावेना. अल्लाहला दिलेला शब्द कसा मोडू? मोडला आणि भाईलाच काही झालं तर?

अम्मी म्हणाली, "ऱ्हायलेले रोजे नंतर ठेव. अल्लाह कुठं पळून चाललाय व्हय? पी."

प्याले. एका दमात. फार भीती वाटली. अम्मीनं दुसरा तांब्या भरला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पाणी, पाणी, पाणी! अम्मी तांब्या घेऊन माझ्यामागे फिरते, लहानपणी घास घेऊन फिरायची तशी. प्रत्येक ग्लासाला बिस्मिल्लाह म्हणते मी. रोजा नाही, पण ही इबादतच म्हणायची!

गुरुवार, २० नोव्हेंबर

पास! पास! पास! क्रिएटिनिन एकदम नीट! मॅडम स्वतः हसल्या. ऑपरेशन पुढच्या महिन्यात! अम्मीनं दवाखान्याच्या दारातच शुक्रान्याची नमाज पढली, लोक बाजूनं वाट काढून जात होते. मला तर नाचावंसं वाटत होतं. माझा भाई जगणार!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पेढे घेऊन गॅरेजवर गेले. भाईनं पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. रडायलाच लागला. म्हणाला, "मी रोज एकच दुवा मागत व्हतो, शाईस्ता. तुझा रिपोर्ट खराब येऊ दे."