पुतळाच्या कागदांवरच्या लाल खुणा

नळदुर्ग,
१६ मार्च १९८६

तीर्थस्वरूप मथुराआक्कांस,
बलभीमचा सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र पावलं. इकडं आम्ही खुशाल. पाणी टँकरचंच, तेबी एक दिवसाआड. टँकर आला की दवाखान्यासमोर घागरींची अशी हाणामारी होते की बस्स. तुमच्या आडाला पाणी हाय का? म्हैस विकू नका, कडब्याचं मी बघतो. दाजींचा खोकला कसा हाय?

तुमची पुतळा बरी हाय. जरा वाळलीय, पण जेवते. तिच्याबद्दल तुम्ही विचारलंय, ध्यानात हाय माझ्या. सांगतो.

आधी आमचं काम सांगतो, म्हणजे दाजींना नीट कळंल. आमच्या सहकारी दवाखान्यातले मोठे डॉक्टर पेशंट तपासताना टेपरेकॉर्डरवर इंग्रजीत बोलत जातात. पुतळा आणि विरुपाक्ष नावाचा एक पोरगा ते ऐकून केसपेपर टाइप करतात, मी तपासतो. टेपमध्ये पंखा, खोकला, टँकरचा हॉर्न, सगळंच येतं. कळलं न्हाय तिथं जागा कोरी सोडायची आणि डॉक्टरांना विचारायचं, ही आमची जुनी रीत.

हे मोठे डॉक्टर दिवाळीनंतर नवे आले. म्हणाले, "मला कागद स्वच्छ पाहिजे. चूक असो की कोरी जागा, लाल खूण. ज्याच्या खुणा कमी, तो नोकरीत पक्का." आणि पक्कं करायचं होतं एकालाच.

पुतळाच्या कागदांवर खुणाच खुणा. मी म्हणलं, "अगं, अंदाजानं भर की थोडं. भीमजयंतीपर्यंत पक्की झाली न्हाईस तर तुझा बाप लग्न उरकून टाकंल." तर म्हणते कशी, "मामा, ते औषध माझ्या पोटात जाणार हाय व्हय?" घ्या! तुमचीच लेक. विरुपाक्षचे कागद मात्र धुतल्या तांदळासारखे.

गेल्या आठवड्यात कल्याणप्पा म्हणून एक म्हातारा डोळ्याच्या ऑपरेशनला आला. विरुपाक्षच्या कागदावर उजवा डोळा. सिस्टर त्या डोळ्यात औषध घालायला गेली तसा म्हातारा बोंबलला, "ओ बाई, हा धड हाय! तो दुसरा, तो!" टेप लावली, तर नेमका तिथंच हॉर्न. विरुपाक्षनं ठोकून दिलं होतं.

डॉक्टर लई भडकले. "आत्ताच्या आत्ता घरी जा," म्हणाले. विरुपाक्ष रडकुंडीला आला. आक्का, खरं सांगतो, मला आनंद झाला. आपण गप बसलं की पुतळाचं काम फत्ते! पण ती गप बसंल तर ना. उठली आणि म्हणाली, "साहेब, विचारलं तर लाल खूण, न्हाय विचारलं तर शाबासकी. मग माणूस ठोकूनच देणार. त्याला काढू नका, रीत बदला."

डॉक्टरांनी तीच टेप पुन्हा लावून ऐकली. दुसऱ्या दिवशी रीत बदलली. कोरी जागा आता चूक न्हाय. डॉक्टर स्वतः संध्याकाळी टेप ऐकून तिथं काय ते सांगतात. नावागावातली चूक दुरुस्त करायची, तिला खूण न्हाय. औषध आणि अवयव मात्र अंदाजानं लिहिला तर माफी न्हाय. विरुपाक्षला ताकीद देऊन ठेवलं, आणि सगळ्यांच्या जुन्या खुणा पुसल्या.

खुणा गेल्यावर संचालक मंडळानं कामाला आधी कोण लागलं तेवढंच बघितलं. विरुपाक्ष पक्का झाला.

हेच इतका वेळ सांगवत नव्हतं. पुतळा रोजंदारीवरच हाय. दाजींनी लोहाऱ्याच्या पाहुण्यांना शब्द दिलाय, आणि जयंती झाली की पोरीला सास्तूरला आणून सोड असं तुम्ही लिहिलंय.

मी तिला आणणार न्हाय, आक्का. तिनं काम चोख केलंय, वर दुसऱ्याची भाकरी वाचवली. त्याची शिक्षा म्हणून तिला बोहल्यावर चढवायचं, हे मला पटत न्हाय. पुढची जागा निघंल तेव्हा निघंल. तोवर ती माझ्या घरी राहील, आणि तिला नको असंल तर हे लग्न होणार न्हाय. आई गेल्यावर तुम्हीच मला वाढवलं, तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला न्हाय. दाजी चिडतील. येऊ द्या त्यांना. पोटभर जेवू घालीन आणि तोंडावरबी हेच सांगीन.

पहिल्यांदाच तुमचं न ऐकणारा,
तुमचा धाकटा भाऊ
बलभीम