म्हातारीला आडोसा हवा

दि. ६ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी कंबर कशी आहे ते आधी कळव, बाकीचं नंतर. बाथरूममध्ये पडलीस हे दादाकडून कळलं. आपल्या लेकाला सांगितलंस आणि भाचीला नाही, याचा राग मी राखून ठेवला आहे. इथे सफारी पार्कात फोन लागत नाही, म्हणून पत्र.

अस्वलाचं आवार आणि त्याला लागून पाहुण्यांच्या मुक्कामाच्या खोल्या, असं माझं काम चाललं आहे. प्रत्येक खोलीत पलंगासमोर जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि काचेपलीकडे अस्वल. अस्वल म्हणजे एक वयस्क अस्वलीण. इथली माणसं तिला म्हातारी म्हणतात. तिचा सगळा जन्म चारी बाजूंनी उघड्या पिंजऱ्यात गेला, त्यामुळे ती अजून पोटात मान घालूनच बसते. तिच्यासाठी मी मागच्या बाजूला दगडी आडोसा बांधते आहे, कुठल्याच खोलीतून न दिसणारा. माझी पद्धत तुला माहीत आहे. मी जागेवर जाते, तिच्या उंचीला येते, म्हणजे चक्क रांगते, आणि एक तरी काच दिसते का ते बघते. गवंडी हसतात. हसू देत.

संचालकांना मात्र आडोसा नको. पाहुणे इथे भिंत बघायला येणार आहेत का, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. तो वगळून नवा नकाशा द्या, नाहीतर दुसरं माणूस बघतो, म्हणाले. मी देणार नाही. काम गेलं तर गेलं.

तुझी लाडकी (असं निदान मी तरी धरून चालते),
खारूताई


दि. १५ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

कंबर हळूहळू सुधारते आहे, जीभ पहिल्यापासूनच ठणठणीत. तुला कळवलं नाही, कारण तू हातातलं सगळं टाकून धावत आली असतीस आणि मला चालायला शिकवत बसली असतीस.

पडल्यापासून तुझ्या दादाने मला पुढच्या खोलीत हलवलं आहे, हॉलला लागून. वहिनीने पलंग खिडकीशी लावून दिला. सगळं चांगलं आहे, फक्त खोलीला दार नाही. मी आत पडले तर लगेच दिसावं म्हणून दादाने ते बिजागऱ्यांवरून उतरवून माळ्यावर टाकलं. येणारा-जाणारा डोकावतो आणि झोपलीस का म्हणून विचारतो, म्हणजे उत्तर द्यायला मी जागं व्हायचं. केस विंचरायला बसावं तर समोर सोफ्यावर कोणीतरी आहेच. दार मागितलं की दादा म्हणतो, आई, पुन्हा पडलीस तर? त्याचे डोळे भरून येतात आणि माझं तोंड बंद होतं. पण मला माझं दार हवं आहे आणि मी ते घेणार आहे. तू मध्ये बोलू नकोस. तू बोललीस की साध्या गोष्टीचं भांडण होतं.

नकाशा देऊ नकोस. ताठ उभी राहा. कंबर माझी गेली आहे, तुझी नाही.

माया आहेच, ती काही पत्रात मावत नाही.
तुझी मावशी


दि. २ एप्रिल

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी हटले नाही. शेवटी असं ठरलं की आडोसा ठेवून महिनाभर बघायचं, आणि म्हातारी दिसलीच नाही तर तो पाडायचा. सुरुवातीला ती आडोशातून बाहेरच येईना. संचालक स्वतः मुक्कामाला येऊन राहिले, तोंड वाकडं करून.

आणि तिथे माझी फजिती झाली. मी खोल्यांच्या काचा रांगून रांगून तपासल्या, पण बाथरूमचा झरोका विसरले. तो इतका उंच आहे की तिथून कोणी बघेल हे डोक्यातच आलं नाही. साहेबांनी उपडी बादली घेतली, वर चढले आणि थेट आडोशात डोकावले. म्हातारीने वर पाहिलं. साहेब बादलीसकट खाली आले, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. लागलं नाही फारसं. पण म्हातारी नंतर आडोशातही जाईना, पुन्हा उघड्यावर पोटात मान घालून बसली. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी झरोक्याला धुरकट काच बसवून घेतली आणि पुन्हा रांगून पाहिलं.

ती आडोशात परत गेली. आणि काल, मावशी, आपलं गवत ओढत ती बाहेर आली आणि काचेला पाठ टेकून सरळ झोपून गेली. साहेब आत पलंगावर बसून होते, हलायलाही तयार नव्हते. नको झालं की उठून जाता येतं, एवढं तिला कळलं, आणि मग कोणी बघण्याचं काही वाटेनासं झालं. साहेबांनी आता बिबट्याच्या आवाराचा नकाशा मागितला आहे, आडोशासकट.

तुझ्या दाराचं काय झालं? मी गप्प आहे, पण फार दिवस जमणार नाही.

तुझी,
खारूताई


दि. १४ एप्रिल

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी जेवणानंतर दादाला आणि वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. बादलीपाशी दादा खूप हसला. मी विचारलं, साहेब पडले, मग त्यांच्या बाथरूमचं दार काढून ठेवलं का रे कोणी? त्याचं हसू थांबलं. मग मी काचेपाशी झोपलेल्या म्हातारीचं वाचलं, अगदी सावकाश. वहिनीच उठली आणि माळ्याला शिडी लावली.

दार परत लागलं आहे. आतली कडी काढून टाकली, ते मीही कबूल केलं. गरज पडली तर बाहेरून कोणालाही उघडता येईल, पण आधी टकटक करायची. पहिल्या दुपारी मी ते घट्ट लावून घेतलं आणि पलंगावर नुसती बसून राहिले. थोडी रडले, तुझ्यापासून काय लपवायचं. बाहेर दोघं हळू आवाजात बोलत होती, कोणी डोकावत नव्हतं. केस निवांत विंचरले.

मग करमेना. उठून दार माझ्या हाताने अर्धं उघडलं आणि दादाला म्हटलं, ये, बस जरा माझ्यापाशी.

तुझ्या म्हातारीला आमच्याकडच्या म्हातारीचा नमस्कार सांग.
तुझी मावशी