मंत्री, कैदी आणि लेकीचा बाप

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. (एका हातात सुई आहे, तेव्हा नमस्कार जरा वाकडा वाटला तर राग मानू नकोस.) इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? आणि भावोजींचं फिरणं चालू आहे, की अजूनही दारापर्यंत जाऊन आज वारं फार सुटलंय म्हणत परत येतात? त्यांना माझा नमस्कार सांग. हे पत्र मात्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, आणि दाखवलंसच तर कैद्याचा भाग गाळ. ते हसायला लागले की त्यांना ठसका लागतो आणि मग तू मला फोन करतेस.

लेकीच्या दवाखान्याचं उद्घाटन कसं झालं असं तू फोनवर विचारलंस आणि मी 'छान झालं' म्हणून फोन ठेवला, याचा तुला राग आलाय हे मला कळलंय. पण माझ्यापुढे तेव्हा एक राजा अर्ध्या विजारीत उभा होता आणि तिसरी घंटा झाली होती. आता सवडीने सगळं लिहितो. सगळं म्हणजे पदवीदानापासून लिहावं लागेल. त्या दिवशी 'कोटाचं जरा काहीतरी झालं' एवढंच तुला माहीत आहे, आणि ते एवढंच माहीत असावं अशी माझी फार इच्छा होती.

तुला ठाऊकच आहे, नाटक कंपनीच्या कपडेपटावर माझा जन्म गेला. दुसऱ्यांना कपडे चढवायचे, उतरवायचे, उसवलेलं टाचायचं. यात माझं स्वतःचं कपड्यांचं कपाट कधी झालंच नाही. नाटक बंद पडलं की त्यातलं जे काही धड उरे ते मी घरी नेऊन वापरत असे. न्यायाधीशाची विजार, खलाशाचा स्वेटर, एका विम्याच्या एजंटाचे तीन सदरे (तो तीन अंक खोटं बोलायचा, पण सदरे मात्र खरे सुती होते). यात गैर काय आहे ते मला आजही कळलेलं नाही. गैर असं नाही, पण कपड्याबरोबर माणूसही अंगात येतो त्याचं काय करणार? खलाशाचा स्वेटर घातला की मी पाय फाकून चालतो. न्यायाधीशाची विजार घालून भाजी आणायला गेलो की भाजीवाली मला घासाघीस न करता योग्य भाव सांगते. ही म्हणायची, आज कोण आहात ते आधी सांगा, म्हणजे त्याप्रमाणे बोलते.

तर पदवीदान. लेक दातांची डॉक्टर झाली, बापाने टापटीप जायला हवं, म्हणून मी कपडेपटावरचा सगळ्यात भारी कोट काढला. आता इथे तुला आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. काही पात्रांना अंधार होऊन उजेड येईपर्यंत कपडे बदलायचे असतात. त्यांचे कपडे आम्ही पाठीकडून उघडणारे करतो. पुढची बटणं नुसती देखाव्याची. कोट, त्याखालचा सदरा, टाय हे सगळं एकात एक शिवलेलं, आणि पाठीवर वरपासून खालपर्यंत वेल्क्रोची चिकटपट्टी. एक हिसका दिला की सगळं एकदम सुटतं आणि आतला पुढच्या अंकाचा पोशाख उघडा होतो. हा कोट एका मंत्र्याचा होता. आणि मंत्री पुढच्या अंकात तुरुंगात जातो.

तू म्हणशील, मग आतला पोशाख कशाला घातलास? अगं, आतल्या पोशाखाला हुक असतात, त्यावरच तर कोट बसतो. त्याशिवाय तो खांद्यावरून घसरतो. कपडेपटावरच्या कोणाही माणसाने हेच केलं असतं. समारंभ उत्तम पार पडला. लोक मला वाट करून देत होते, एकाने तर आपल्या भागातल्या रस्त्याची तक्रारही सांगितली आणि मी ती लक्ष घालून ऐकली. मग लेकीचे मोठे प्राध्यापक आले. माणूस मनाने मोठा आणि हाताने जड. 'तुमच्या मुलीने नाव काढलं' म्हणत त्यांनी मला मिठी मारली, पाठीवर थाप मारली आणि मिठी सोडताना त्यांच्या घड्याळाचा पट्टा चिकटपट्टीत अडकला. कर्रकन आवाज झाला. कोट, सदरा आणि टाय त्यांच्या हातात राहिले, आणि सगळ्या प्राध्यापकवर्गासमोर मी आडव्या पट्ट्यांच्या कपड्यांत, छातीवर बिल्ल्यासकट उभा.

कोणीतरी टाळी वाजवली. माझ्या नाटकाच्या सवयीने मी वाकून नमस्कारही केला, ते तर नडलंच. लेक रडली नाही, रागावलीही नाही. घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती, आणि ताई, ते मला फार लागलं.

त्यानंतर दवाखान्याचं ठरलं. ती घरी आली, आईला आमंत्रण दिलं, चहा प्याली, चपला घातल्या, आणि मी समजलो की मला बोलावणं नाही. मग ती दारातून मागे वळली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही या. फक्त या वेळी कोणी होऊन येऊ नका. तुम्हीच या." मी लगेच हो म्हटलं. ती गेली, आणि मी खुंटीवरचे सगळे कपडे उलटेपालटे करत बसलो. कारण राजाला काय घालायचं ते मला झोपेत विचार, भिकाऱ्याला काय ते विचार, पण मला काय घालायचं याचा मला पत्ताच नव्हता. आणि हे जमलं नाही तर पुढच्या वेळी ती दारातून वळणार नाही, एवढं मला पक्कं कळत होतं.

आधी सगळे करतात तेच केलं, दुकानात गेलो. तिथल्या बाई फार गोड. त्यांनी विचारलं, काका, तुमची स्टाइल काय आहे? मी विचारलं, गोष्ट कोणत्या काळातली आहे? त्यांनी मला कपडे घालून बघायच्या खोलीत एक निळी जीन्स देऊन पाठवलं. बघतो तर गुडघ्यावर फाटलेली. वाटलं, बिचाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. माझ्या कॉलरमध्ये सुई-दोरा नेहमीच असतो. बसलो स्टुलावर आणि दोन्ही गुडघे असे बेमालूम रफू केले, की कुठे फाटलं होतं ते मलाच सापडेना. बाईंनी दार ठोठावलं तेव्हा मी दुसऱ्या गुडघ्याची गाठ मारत होतो. ती जीन्स फाटलेली म्हणूनच महाग होती, हे मला मग मॅनेजरने समजावलं. भिडेखातर तिथून एक करड्या रंगाचा सूट घेऊन आलो. ही चष्मा वर करून म्हणाली, "हे कुठल्या अंकात?" सूट परत केला. (त्या दुकानावरून आता जात नाही, पलीकडच्या फुटपाथने जातो.)

मग एका सुट्टीच्या दुपारी मी सरळ माझा धंदाच माझ्यावर लावला. नवं पात्र आलं की मी दिग्दर्शकाचं ऐकतच नाही, पात्रालाच प्रश्न विचारतो. हा माणूस घरी आल्यावर कपडे कुठे टाकतो? त्याच्या खिशात काय असतं? असं कोणतं कापड आहे, जे तो धुवायला टाकायला तयार नसतो? आणि त्याला बरं दिसायचंय ते कोणापुढे? आरशासमोर खुर्ची घेतली आणि समोरच्या गृहस्थाला विचारायला लागलो. गृहस्थ आधी फार उडवाउडवी करत होता. मी दम दिला.

खिशाचं निघालं ते ऐक. आमच्या नाटकाच्या कपड्यांचे खिसे आम्ही शिवून बंद करतो, नाहीतर नट त्यात पानापासून किल्ल्यांपर्यंत काय वाट्टेल ते कोंबतात आणि कोट लोंबतो. म्हणजे मी इतकी वर्षं बंद खिशांचे कपडे घालून हिंडतोय, आणि खडू, टाचण्या, रीळ सगळं मुठीत. लोकांना वाटतं हा माणूस चिडलेला आहे, सतत मुठी वळून असतो. गळ्याचं बटण मला मुळीच सोसत नाही, कारण दिवसभर मान खाली. माझी छत्री, माझा डबा, माझ्या कामाच्या टेबलावरचा कप, जे जे मी स्वतः निवडून घेतलं होतं ते ते सगळं शेवाळी रंगाचं निघालं, आणि हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. जे धुवायला टाकवत नाही ते माझं कामाचं जुनं ऍप्रन, धुऊन धुऊन मऊ झालेलं. शेवटच्या प्रश्नाला गृहस्थ आरशावरची धूळ पुसायला लागला. मग त्याचे डोळे भरून आले, म्हणून मी खुर्ची उचलून ठेवली. उत्तर मला माहीतच होतं.

मग सदरा शिवायला घेतला. कापडाचं म्हणशील तर ते घरातच मिळालं. पण स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही, तेव्हा हिला बोलावलं. हिने टेप उलटी धरून आधी मला बारक्या पोराएवढा ठरवला, मग सुलट धरून म्हणाली, तुमचा उजवा खांदा खाली आहे. मी म्हटलं, शक्य नाही, जगाचे खांदे मी मोजतो. तिने मला आरशाकडे वळवलं. आहेच खाली, ताई. गाठोडी वाहून वाहून उतरलाय. म्हणजे आजवर मी दुसऱ्यांच्या सरळ खांद्यांचे कपडे घालत आलो आणि त्यात तिरका दिसत आलो. या वेळी उजवा खांदा आहे तसा बेतला. सदरा हँगरला टांगला की कलंडतो, माझ्या अंगावर सरळ बसतो. खिसे खोल ठेवले. खरे.

उद्घाटनाच्या दिवशी मी हातापायाला घाम फुटलेल्या अवस्थेत पोचलो. आत गेलो आणि काय सांगू, कोणी माझ्याकडे बघितलंच नाही. कोणी वाट दिली नाही, रस्त्याची तक्रार सांगितली नाही. एका बाईंनी हात धुवायची जागा कुठे म्हणून विचारलं, मी दाखवली, त्या थँक्यू म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी दोन्ही हात खिशात घालून एक संपूर्ण चक्कर मारली. जड हाताचे प्राध्यापकही आले होते. त्यांनी मला ओळखलं, लांबून हात जोडले आणि घड्याळाचा हात मागे घेतला.

मग लेक आली. पांढरा कोट घातलेली, कपाळावर घाम. तिने मला आधी समोरून बघितलं. मग माझ्या मागे गेली आणि मानेपासून कमरेपर्यंत पाठीवरून हात फिरवला. मला कळलं, ती चिकटपट्टी शोधत होती. सापडली नाही, तर पुन्हा एकदा फिरवला. मग म्हणाली, "बाबा, हे कोणाचं आहे?"

मी म्हटलं, "माझं."

तिने माझ्या खाली गेलेल्या खांद्यावर डोकं टेकवलं, बरोबर तिच्या उंचीला येतो तो. लोक बघत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. मग तिने मला हाताला धरून सगळ्या खोल्या दाखवल्या, आणि या वेळी ती पुढे चालत नव्हती. असं झालं सगळं. छान झालं म्हणालो ते याचसाठी.

तब्येतीला जप आणि भावोजींना वाऱ्याचं निमित्त देऊ नकोस.

तुझाच,
(आणि आता कोणाचाही उसना नसलेला)
धाकटा

ता. क. आमच्या दिग्दर्शकाने सदरा बघितला. नव्या नाटकातल्या बापाला हाच हवा म्हणून हटून बसलाय. आयुष्यात पहिल्यांदा मी कपडेपटाला कापड नाकारलं. तसाच दुसरा शिवून देईन म्हटलंय, पाठीवर चिकटपट्टी लावून.

आणखी ता. क. पत्र खरं ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. तू आमच्या बाहेरच्या खोलीला शेवाळी पडदे दिले होतेस ना? त्यातला एक आता माझ्या अंगावर आहे. तुझी निवड उत्तम, हे मी सगळ्यांना सांगतो, फक्त कशाची ते सांगत नाही. त्या कापडाचा तुकडा तुझ्याकडे उरला असेल तर ताबडतोब पाठव. हिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

वन्सं, नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. ज्या खिडकीशी बसून मी रोज चहा पिते ती अर्धी उघडी पडल्याचं माझ्या लक्षात येणार नाही, असं यांना खरंच वाटतं. लक्षात आलं म्हणूनच तर टेप धरायला गेले होते. परवा मी दात दाखवायला दवाखान्यात गेले. लेकीने त्या दिवशीचा यांचा एकट्याचा फोटो मोठा करून खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावलाय. पेशंट विचारतात हे कोण, तर ती म्हणते, माझे बाबा. यांना कळवू नका, नाहीतर त्याच आनंदात दुसरा पडदाही कापतील. आणि कापड मुळीच पाठवू नका. तो दुसरा पडदा मी माझ्यासाठी बेतून ठेवलाय.