मामाजींनी वाटेत काय काय पाहिलं

९ नोव्हेंबर १९३६, अमरावती
मामाजींच्या उजव्या डोळ्याची पट्टी सुटली. मोतीबिंदू गेला. जाड भिंगांचा चष्मा मिळाला. सात वर्षं अंधारात होते. माझ्या लग्नाला पाचच झाली, म्हणजे सासऱ्यांनी मला अजून पाहिलेलंच नाही. आवाज ऐकून पसंत केली होती. माझ्या चेहऱ्यावरच्या देवीच्या व्रणांचं त्यांना कोणी सांगितलं नाही.
आज पदर पार नाकापर्यंत.

१० नोव्हें., अंजनगाव
पोचलो.
यांच्या मित्राची मोटार. हे चालवत होते, मामाजी पुढे, मी मागे. मांडीवर भावाने दिलेला डबा कॅमेरा. आठच फोटो निघतात.
वलगाव सुटलं नि मामाजी ओरडले, "थांबव!" दोहीकडे कापूस फुटलेला. बोंडाला चष्मा टेकवला. "इतका पांढरा असते का रे हा?" पहिला फोटो.
मग दर मैलाला. तुरीची फुलं. बैलाचं नुसतं शिंग! हे वैतागले, "बाबा, घरी पोचाचं नाई का?"
"सात वर्स थांबलो न मी? तू घडीभर थांब."
पूर्णेच्या पाण्यात स्वतःला पाहिलं. "अरे, मी तं म्हातारा झालो!" हसतच राहिले. फोटो काढायचं विसरले मी.
परतवाड्यापुढे गाविलगडचा डोंगर, निळाच निळा. मामाजींनी हात जोडले. मी रोज पाहते हा डोंगर. पाहते कुठे!
शेवटचा फोटो उरला. "सूनबाई, डबा मले दे. तिथं उभी राय. पदर वर घे."
घेतला. भर उन्हात.
"देवी आलती?"
"हो."
"मले काहून नाई सांगतलं कोणी?"
"सांगितलं असतं तर?"
बराच वेळ पाहत होते. "तं मी नाई म्हटलं असतं, माय. अन् मंग तू कुठं भेटली असती मले?"
खटका दाबला. चष्मा काढून डोळे पुसले.

११ नोव्हें.
फिल्म धुवायला अमरावतीला पाठवली.
सकाळी मामाजींचा चहा घेऊन गेले. पदर कुठवर घ्यावा, दारातच कळेना. तशीच उभी राहिले, उघड्या चेहऱ्याने. पावलं ऐकून म्हणाले, "कोण होय?"
रोज लगेच ओ देते. आज दिली नाही.
ते चष्मा चाचपू लागले.